नाव सापडेना, लाईन मात्र चालू

प्रश्न: ताई, नमस्कार. मी धायरीला राहते आणि घरूनच पाठ्यपुस्तकांचं मुद्रितशोधन करते. मागच्या दिवाळीत एक जुना लॅपटॉप घेतला, भाच्याने त्यावर उबुंटू २२.०४ (लिनक्सचा एक प्रकार) टाकून दिलं. लॅपटॉप छान चालतो. पण दिवसातून पाच-सहा वेळा, जास्त करून संध्याकाळनंतर, नवीन पान उघडायला गेलं की 'साइट सापडत नाही' असं येतं. एक-दोन मिनिटांनी आपोआप सुरू होतं. नवल म्हणजे त्याच वेळी मुलाचा त्याच लॅपटॉपवर लावलेला व्हिडिओ थांबत नाही, फोनवर व्हॉट्सॲपचे निरोप येत असतात. टर्मिनलमध्ये अपडेट चालवलं तर 'टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन' असं लिहून येतं. नेटवाल्यांचा मुलगा तीनदा येऊन गेला. राउटर बदलला, फोनवर स्पीड मोजून दाखवला आणि म्हणाला, 'मॅडम, लाईन ओके आहे, हे लिनक्समुळे होतंय, विंडोज टाकून घ्या.' भाच्याच्या सांगण्यावरून मी डीएनएस, म्हणजे साइटची नावं शोधून देणारा सर्व्हर, ८.८.८.८ केलं. त्रास कमी झाला, पण गेला नाही. खरंच विंडोज टाकू का?
— एक वाचक, धायरी

उत्तर: नाही, टाकू नका. हे आधीच सांगून टाकते, कारण तुमच्या शेवटच्या वाक्यातला थकवा माझ्या ओळखीचा आहे. माणूस तीनदा येतो, तीनदा 'ओके' म्हणतो आणि शेवटी दोष आपल्या निवडीवर ठेवून जातो. तुमच्या पत्रात तीन खुणा आहेत, आणि त्या तुम्ही इतक्या नीट टिपल्यात की माझं निम्मं काम झालंय.

पहिली खूण, चालू व्हिडिओ थांबत नाही. पुण्यात आपण पत्ता कसा सांगतो ते आठवा. 'जिलब्या मारुतीपाशी या', 'खुन्या मुरलीधराच्या पुढची गल्ली'. नाव सगळ्यांना तोंडपाठ, घरनंबर विचारला तर घरचेसुद्धा क्षणभर थांबतात. इंटरनेटच्या तारेला मात्र नावं कळत नाहीत, तिला फक्त आकडे कळतात. म्हणून नवीन पान उघडताना लॅपटॉप आधी कुणाला तरी विचारतो, 'या नावाचा आकडा काय?' उत्तर मिळालं की मगच तो तिकडे जातो. व्हिडिओने हे विचारणं सुरुवातीलाच उरकलेलं असतं, पुढे तो आकड्यावरच चालतो. तेव्हा जुनं चालू आणि नवं उघडत नाही, याचा सरळ अर्थ असा की रस्ता उघडा आहे, पत्ता सांगणारा गप्प आहे. नेटवाल्या मुलाने स्पीड मोजला तो रस्त्याचा. पत्ता सांगणाऱ्याची तपासणी त्यात होतच नाही, त्यामुळे त्याच्या परीने तो खोटं बोलला नाही. त्याच्या हातात तेवढंच एक साधन दिलेलं असतं.

ही विचारायची सोय, म्हणजेच डीएनएस, १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी आखली. त्याआधी सगळ्या संगणकांची नावं आणि आकडे एकाच फाइलीत असायचे आणि ती फाइल प्रत्येकाने अधूनमधून उतरवून घ्यायची. तिचा अवशेष तुमच्या लॅपटॉपवर अजून आहे: 'ईटीसी' फोल्डरमधली 'होस्ट्स' फाइल. लॅपटॉप आजही आधी तिच्यात डोकावतो आणि मगच बाहेर विचारतो.

दुसरी खूण म्हणजे 'टेम्पररी' हा शब्द. तो शोभेला नाही. ज्याला विचारलं त्याने 'असं नावच अस्तित्वात नाही' असं ठाम सांगितलं असतं, तर 'नेम ऑर सर्व्हिस नॉट नोन' असं आलं असतं. 'टेम्पररी' म्हणजे एक तर उत्तरच आलं नाही, नाहीतर पलीकडचा म्हणाला की मला शोधता आलं नाही.

तिसरी खूण सगळ्यात मोलाची: ८.८.८.८ घातल्यावर त्रास *कमी* झाला, *गेला* नाही. तिच्याकडे येतेच. पण आधी माझ्या घरची गोष्ट सांगते, कारण मी याच ठिकाणी आठ दिवस अडकले होते.

मी शुक्रवार पेठेत राहते, जुन्या वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. बावीस वर्षं एका कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत काम केलं, म्हणून असे दोष माझ्याकडे येतातच. दोन वर्षांपूर्वी श्रावणात माझ्याच लॅपटॉपला हे सुरू झालं. बंद-चालू होणाऱ्या दोषाची अडचण अशी की आपण टर्मिनल उघडेपर्यंत तो निघून गेलेला असतो. मग माणूस अंदाजाने दहा गोष्टी बदलतो, आणि दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी कशामुळे ते कळत नाही. म्हणून काहीही बदलण्याआधी मी नोंद ठेवायची ठरवली. तुम्हीही तेच करा. तुमचं काम मुद्रितशोधनाचं आहे, तुम्हाला हे माझ्यापेक्षा सहज जमेल.

(या सदरात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायच्या.)

सुरुवात राउटरपासून. नाव विचारणारी पाकिटं बहुतेक वेळा यूडीपी पद्धतीने जातात. त्यात पाकीट वाटेत हरवलं तर वाटेतलं कुणी ते पुन्हा पाठवत नाही. विचारणाऱ्यानेच काही सेकंद वाट पाहून पुन्हा विचारायचं. व्हिडिओचं पाकीट हरवलं तर ते लगेच पुन्हा मागवलं जातं आणि पुढचा भागही आधीच साठवलेला असतो, म्हणून आपल्याला कळतही नाही. याचा परिणाम असा की वाय-फाय थोडंसं जरी गळत असलं तरी पहिली तक्रार नाव शोधण्याचीच येते. तेव्हा 'पिंग' ही आज्ञा, मग 'उणे सी १००', मग राउटरचा आकडा, बऱ्याच घरी तो १९२.१६८.१.१ असतो. शंभर हाका जातील आणि शेवटी किती टक्के हरवल्या ते येईल. आपल्याच घरातल्या राउटरपर्यंत एकही हरवता कामा नये. हरवत असतील तर पुढचं सगळं बाजूला ठेवून लॅपटॉपला एक दिवस केबल लावून बघा. तपकीर गल्लीत चांगली लॅनची केबल मिळते, दोन्ही टोकांना जॅक बसवलेलीच मागा. केबलवर त्रास थांबला तर दोषी वाय-फाय.

उबुंटूत यात एक वेगळी गोम आहे. वाय-फायचं कार्ड वीज वाचवायला मधूनमधून डुलकी घेतं, आणि जुन्या लॅपटॉपच्या काही कार्डांना ती डुलकी सोसत नाही. 'ईटीसी'मधल्या 'नेटवर्कमॅनेजर'च्या (जोडण्या सांभाळणारा प्रोग्राम; फोल्डरच्या नावात एन आणि एम मोठे) 'कॉन्फ डॉट डी' फोल्डरात 'डीफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन डॉट कॉन्फ' ही फाइल आहे. तिच्यात 'वायफाय डॉट पॉवरसेव्ह' पुढे ३ असतं, ते २ करा आणि लॅपटॉप बंद करून चालू करा. २ म्हणजे डुलकी बंद.

माझ्याकडे शंभरातली एकही हाक हरवली नव्हती. मग मी चार ओळींची शेल स्क्रिप्ट, म्हणजे टर्मिनलच्या आज्ञांची यादी, लिहिली: वेळ लिही, राउटरला विचार, बाहेरच्या एका सर्व्हरला तेच विचार, दोघांची उत्तरं फाइलीत जोड, वीस सेकंद थांब, पुन्हा पहिल्यापासून. विचारायला 'डिग' ही आज्ञा वापरायची. तिला ॲटचं चिन्ह आणि त्याला चिकटून एखादा आकडा दिला की ती मधल्या सगळ्यांना वगळून थेट त्यालाच विचारते. सोबत 'अधिक टाइम बरोबर २' आणि 'अधिक ट्राइज बरोबर १' लिहा, म्हणजे दोन सेकंदांत उत्तर आलं नाही की ती सरळ तसं नोंदवते, पुन्हापुन्हा विचारत बसत नाही.

इथे एक चूक हमखास होते. दर वेळी तेच नाव विचारलं तर राउटर आपल्या आठवणीतून उत्तर देतो. बाहेर सगळं बंद असलं तरी तुमच्या नोंदवहीत 'ठीक' असंच येईल. म्हणून दर वेळी नवं, मनाने बनवलेलं नाव विचारायचं: खऱ्या साइटच्या नावाआधी एक आकडा लावायचा, दर वेळी वेगळा. बॅश शेल असा आकडा 'रँडम' या शब्दावर (हा मात्र मोठ्या अक्षरांत, आधी डॉलरचं चिन्ह) स्वतःच देतं. असं नाव बहुधा नसणारच, तेव्हा उत्तर 'एनएक्सडोमेन' येईल, म्हणजे 'असं नाव नाही'. आपल्यासाठी तो होकारच आहे, कारण प्रश्न शेवटपर्यंत जाऊन परत आला हे त्यावरून सिद्ध होतं. अपयश दोनच: शांतता, किंवा 'सर्व्हफेल', म्हणजे 'मला शोधता आलं नाही'.

दोन दिवस स्क्रिप्ट चालू ठेवली. वीस सेकंदांनी एक म्हणजे ८,६४० नोंदी. त्यातल्या ६१ वेळा राउटरने उत्तर दिलं नव्हतं, बाहेरच्या सर्व्हरने ३ वेळा. पण खरी गोष्ट वेळेत होती. एकसष्टपैकी चोपन्न अपयशं रात्री ८:४० ते १०:१५ या दरम्यानची. अशी एक ओळ मी वहीत उतरवून ठेवली आहे:

२०:५२:४० — राउटर: उत्तर नाही — बाहेरचा: १४ मिलिसेकंद

त्या एका ओळीत सगळं आहे. त्याच क्षणी, त्याच तारेतून बाहेरचा सर्व्हर चौदा मिलिसेकंदांत बोलतोय आणि हाताच्या अंतरावरचा राउटर गप्प आहे. लाईन ठीक, लॅपटॉप ठीक, मधला निरोप्या दमलेला.

राउटर स्वतः पत्ते शोधत नाही. तो प्रश्न घेतो, नेट कंपनीच्या सर्व्हरला विचारतो आणि उत्तर आणून देतो. बऱ्याच घरगुती राउटरमध्ये 'डीएनएसमास्क' नावाचा छोटा प्रोग्राम हे करतो, आणि त्याच्या मूळ मांडणीत एका वेळी १५० अनुत्तरित प्रश्नांपर्यंतच भार घेतला जातो. रात्री नऊला घरात टीव्ही, चार फोन, एक लॅपटॉप चालू. एका बातमीच्या पानातसुद्धा जाहिराती धरून कितीतरी नावं असतात. त्यात पलीकडून उत्तरं सावकाश यायला लागली की प्रश्न साचत जातात. माझ्या राउटरच्या पोटात शिरायची सोय नव्हती. पण दोष त्याच्याच उंबऱ्यावर आहे एवढं वहीने ठरवून दिलं. तुमचाही त्रास संध्याकाळनंतरचा आहे.

मग मी तेच केलं जे तुमच्या भाच्याने केलं. राउटरला वगळून लॅपटॉपला थेट बाहेरचा सर्व्हर दिला. माझाही त्रास कमी झाला, गेला नाही, आणि आठ दिवस मी चुकीच्या जागी शोधत राहिले. अखेर एका संध्याकाळी, त्रास चालू असतानाच, 'रिझॉल्व्ह-सीटीएल स्टेटस' ही आज्ञा दिली ('रिझॉल्व्ह' आणि 'सीटीएल' जोडून, मध्ये जागा नाही). वाय-फायच्या मथळ्याखाली 'डीएनएस सर्व्हर्स'पुढे दोन नोंदी होत्या. एक मी दिलेला आकडा, आणि दुसरी 'एफई८०'ने सुरू होणारी लांबलचक अक्षरमाळ. वर 'करंट डीएनएस सर्व्हर'पुढे, म्हणजे या क्षणी ज्याला विचारलं जातंय त्याच्या जागी, ती अक्षरमाळच होती.

'एफई८०' म्हणजे आयपीच्या, म्हणजे या आकडी पत्त्यांच्या पद्धतीच्या, सहाव्या आवृत्तीतला, फक्त घरातल्या घरात चालणारा पत्ता. तो राउटरचाच. आपण चौथ्या आवृत्तीच्या सेटिंगमध्ये राउटरला पुढच्या दाराने बाहेर काढलं, आणि तो सहाव्या आवृत्तीच्या मागच्या दाराने आत येऊन बसला. राउटर थोड्या थोड्या वेळाने घरभर 'मी इथे आहे, नावं मला विचारा' अशी दवंडी पिटतो, आणि लॅपटॉप ती मान्य करतो.

आता कमी का झालं आणि गेलं का नाही, ते बघा. उबुंटूत नावं शोधायचं काम 'सिस्टमडी-रिझॉल्व्हड' करतो. यादीत दोन सर्व्हर असले की पहिला मुख्य आणि दुसरा राखीव असं आपण धरून चालतो. तो तसं धरत नाही. त्याच्या लेखी दोघे सारखेच. एकाला धरून तो विचारत राहतो, त्याच्याकडून वेळेत उत्तर आलं नाही की दुसऱ्याकडे सरकतो आणि मग तिथेच राहतो. पहिल्याकडे परत जावं असं त्याला आपणहून वाटत नाही. माझ्या नोंदीत बाहेरच्या सर्व्हरची तीन अपयशं होती ना, तेवढी पुरेशी होती. एक पाकीट हरवलं की स्वारी राउटरकडे, आणि पुढे संध्याकाळ झाली की त्रास सुरू. राउटर गप्प झाला की वाट पाहण्यात सेकंद जातात, तोवर ब्राउझर किंवा अपडेटचा धीर संपतो आणि तो 'टेम्पररी' म्हणून मोकळा होतो. मिनिटाभराने स्वारी पुन्हा बाहेरच्याकडे सरकलेली असते. 'आपोआप सुरू होतं' ते असं.

तुमच्याकडे ताडून बघणं सोपं आहे. त्रास चालू असताना ती 'रिझॉल्व्ह-सीटीएल स्टेटस' आज्ञा द्या. 'करंट डीएनएस सर्व्हर'पुढे एफई८० किंवा १९२.१६८ ने सुरू होणारं काही दिसलं तर तुमचं दुखणं तेच जे माझं होतं.

उपाय पाच मिनिटांचा. सेटिंग्जमध्ये वाय-फाय, तुमच्या जोडणीपुढचं चाक, मग 'आयपीव्ही४' हा भाग. तिथे डीएनएसपुढचं 'ऑटोमॅटिक' बंद आहे का बघा. नुसता आकडा लिहून ऑटोमॅटिक चालू ठेवलं तर राउटरचा आकडाही यादीत राहतो. मग शेजारचा 'आयपीव्ही६' भाग उघडा आणि तिथलंही डीएनएसचं 'ऑटोमॅटिक' बंद करा. तिथे काही लिहिलं नाहीत तरी चालतं, चौथ्या आवृत्तीचा सर्व्हर सहाव्या आवृत्तीचेही पत्ते सांगतो. जोडणी बंद करून पुन्हा चालू करा आणि स्टेटस पुन्हा बघा. एफई८० गेलेलं दिसायलाच हवं. दिसेपर्यंत काम झालं असं समजू नका.

'मग सहावी आवृत्ती पूर्णच बंद करून टाका' असं तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल. करू नका. दार नीट लागत नाही म्हणून भिंत घालायची गरज नसते. सहावी आवृत्ती चालू राहू दे, तिच्यातून येणारा डीएनएस तेवढा नाकारा.

कोणता सर्व्हर द्यायचा? ८.८.८.८ गूगलचा, २००९ पासून आहे. ९.९.९.९ क्वाड९चा, २०१७ पासून. १.१.१.१ क्लाउडफ्लेअरचा, २०१८ पासून. तिन्ही चांगले चालतात. पण तुम्ही दिवसभरात कोणकोणत्या साइटची नावं विचारली ते ज्याला विचारता त्याला कळतं, हे लक्षात ठेवून निवडा. नेट कंपनीचा स्वतःचा सर्व्हर निरोगी असेल तर मी त्यालाच पसंती देते, कारण व्हिडिओवाल्यांचं जवळचं साठवणकेंद्र कुठलं हे तो बहुतेक वेळा अचूक सांगतो. त्याचे आकडे राउटरच्या 'वॅन' (बाहेरच्या जोडणीच्या) पानावर असतात. ते 'डिग'ला देऊन त्यांचीही दोन दिवस नोंद घ्या आणि ठरवा. मात्र यादीत जे दोन ठेवाल ते दोन्ही धडधाकट हवेत. एक निरोगी आणि एक आजारी अशी जोडी ठेवली की त्रास पुन्हा तसाच येतो, आणि या वेळी तो शोधणं जास्त अवघड जातं.

आता फोनचं. त्यावर व्हॉट्सॲप चालू होतं, यावरून लॅपटॉप दोषी ठरत नाही. व्हॉट्सॲपने जोडणी आधीच उघडून ठेवलेली असते. शिवाय वाय-फाय अडखळलं की बरेच फोन मुकाट्याने मोबाइल डेटावर जातात. पुढच्या वेळी त्रास झाला की फोनचा डेटा बंद करा आणि आठवडाभरात न उघडलेली साइट त्यावर उघडून बघा. तीही उघडली नाही तर लिनक्सवरचा आरोप तिथेच संपला. विंडोज टाकलं असतंत तरी तेही त्याच राउटरला विचारणार होतं.

ब्राउझरमध्ये 'सुरक्षित डीएनएस' चालू असेल तर तेही तपासा. तसं असेल तर ब्राउझर वेगळ्या वाटेने विचारतो, आणि मग ब्राउझर ठीक पण अपडेट अडतंय असं उलटसुलट दिसतं. तुमची दोन्ही एकदमच अडतात, म्हणून मला ती शंका कमी आहे.

शेवटी, नेटवाल्यांना फोन कराच, पण 'नेट जातंय' म्हणू नका. म्हणा: 'लाईन चालू असते, राउटरकडून नावाचं उत्तर येत नाही, अमुक तारखेच्या या वेळा लिहून घ्या.' आणि नोंदवहीतल्या दहा ओळी वाचून दाखवा. माझ्याकडे चौथ्या वेळी आलेल्या मुलाने ती वही हातात घेतली, पाच मिनिटं उभ्यानेच वाचली आणि पानाचा फोटो काढून वरच्या साहेबांना पाठवला. पुढच्या सोमवारी राउटरमधला सर्व्हरचा आकडा त्यांनी त्यांच्याकडून बदलला. घरातल्या टीव्हीचाही अडखळा त्यानेच गेला, नुसता माझ्या लॅपटॉपच्या सेटिंगने तो गेला नसता.

प्रश्न: माझ्याकडे डेबियन (लिनक्सचाच आणखी एक प्रकार) आहे. नेट तुटत नाही, पण कोणतंही नवीन पान उघडताना आधी ठरावीक वेळ थांबतं, मग झटकन येतं. घड्याळ लावून बघितलं, दर वेळी पाच सेकंद. स्पीड भरपूर आहे.
— एक वाचक, चिंचवड

उत्तर: घड्याळ लावून बघितलंत म्हणून उत्तर सोपं झालं. कधी तीन, कधी आठ सेकंद लागले असते तर मी लाईनवर संशय घेतला असता. बरोबर पाच हा ठसा आहे. डेबियनच्या साध्या मांडणीत सिस्टमडी-रिझॉल्व्हड नसतो, नाव विचारायचं काम 'जीलिबसी' हे सगळ्या प्रोग्रामना सामाईक असलेलं मूळ ग्रंथालयच (लायब्ररी) करतं. उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारण्याआधी ते पाच सेकंद थांबतं. ती त्याची ठरलेली मुदत आहे.

आता उत्तर येत का नाही? प्रत्येक नावासाठी ते दोन प्रश्न एकदम पाठवतं, एक चौथ्या आवृत्तीच्या पत्त्याचा आणि एक सहाव्या. दोन्ही एकाच खिडकीतून. काही राउटर पहिल्याचं उत्तर देऊन झालं की ती खिडकी बंद झाली असं समजतात आणि दुसऱ्याचं उत्तर टाकून देतात. तुमचा लॅपटॉप त्या दुसऱ्याची पाच सेकंद वाट बघतो, मग शहाणपणाने एकेक करून विचारतो, आणि पान येतं.

'ईटीसी'मधल्या 'रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ' (इथे इंग्रजीत 'रिझॉल्व्ह'च्या शेवटी 'ई' नाही) फाइलीत एक ओळ लागते: 'ऑप्शन्स', जागा सोडून 'सिंगल-रिक्वेस्ट-रीओपन'. म्हणजे दोन प्रश्नांना दोन वेगळ्या खिडक्या. नेटवर्कमॅनेजर वापरत असाल तर फाइलीला हात न लावता तीच गोष्ट जोडणीच्या 'आयपीव्ही४ डॉट डीएनएस-ऑप्शन्स' या नोंदीत घाला, 'एनएमसीएलआय' आज्ञेने ती घालता येते. त्याच ओळीत 'टाइमआउट' दोनवर आणायचा सल्लाही तुम्हाला मिळेल. त्याने पाचाचे दोन होतील, पण टाकून दिलेलं उत्तर टाकून दिलेलंच राहील. आधी खिडक्या वेगळ्या करून बघा, पाचाचे शून्य व्हायला हवेत.

प्रश्न: मी रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये दर वेळी माझा सर्व्हर लिहितो आणि लॅपटॉप चालू केला की ते पुसलेलं असतं. एका मित्राने फाइलीला कुलूप घालायची आज्ञा दिली आहे. घालू का?
— एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर: घालू नका. आज ते चालेल, पण चार महिन्यांनी तुम्ही लॅपटॉप गावाला किंवा ऑफिसात न्याल, तिथलं नेट चालणार नाही आणि कुलूप घातल्याचं तुमच्या लक्षात नसेल. मी अशी दोन यंत्रं प्रयोगशाळेत दिवसभर खोलून बसले आहे.

ती फाइल तुमच्या हाताने लिहायची राहिलेली नाही. 'एलएस उणे एल' ही आज्ञा तिच्यावर चालवा. बहुतेक करून एक बाण दिसेल आणि बाणापुढे 'रन' फोल्डरमधल्या दुसऱ्याच एका फाइलीचं नाव. म्हणजे ही नुसती पाटी आहे, खरी फाइल पलीकडे असते आणि लॅपटॉप चालू होताना दर वेळी नव्याने लिहिली जाते. आत १२७.०.०.५३ दिसलं तर दचकू नका. तो बाहेरचा कुणी नाही, तुमच्याच लॅपटॉपमधला सिस्टमडी-रिझॉल्व्हड त्या आकड्यावर बसलेला असतो. तो खरा सर्व्हर कोणता धरतो हे जोडणीच्या सेटिंगमधून ठरतं, वर धायरीच्या बाईंना सांगितलं तिथूनच. तुमचा आकडा तिथे लिहा, दोन्ही भागांतलं ऑटोमॅटिक बंद करा. या फाइलीत तुम्ही आजवर जे लिहीत होता ते तसंच पुसलं जाऊ दे.